कमी वॅटचं कार्ड, शांत खोली: घरच्या गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड कसं निवडाल

ग्राफिक्स कार्डाचा आवाज आपल्याला पंख्यातून ऐकू येतो, पण त्याचं मूळ विजेत असतं. कार्ड जितकी वीज ओढतं, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. ती उष्णता बाहेर ढकलायला पंख्यांना जितकं पळावं लागतं, तितका आवाज वाढतो. म्हणून शांत कार्ड शोधायला निघालात, तर पंख्यांची संख्या, रंगीत दिवे आणि खोक्यावरची विशेषणं बाजूला ठेवा. आधी एकच आकडा शोधा: भर गेममध्ये हे कार्ड किती वॅट खातं?

ठाणे आणि नवी मुंबईत या आकड्याला जास्तच किंमत आहे. नेरूळ-ऐरोलीतली सिडकोची घरं घ्या, वर्तकनगरातली जुनी घरं घ्या किंवा घोडबंदर रोडवरचे वन बीएचके. पीसी बहुतेक वेळा हॉलमध्ये असतो, नाहीतर घरातलं आणखी कोणी झोपतं त्याच खोलीत. कोणाची दहावी असते, कोणी रात्रपाळी करून सकाळी झोपलेलं असतं. त्यात मे महिन्यात बंद खोलीचं तापमान सहज ३३-३४ अंशांवर जातं आणि हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. अशा दहा बाय दहाच्या खोलीत तीनशे वॅटचं कार्ड म्हणजे पायाशी चालू ठेवलेला छोटा हीटर.

हा लेख पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्यांसाठी किंवा जुनं बदलणाऱ्यांसाठी आहे. ज्या क्रमाने निर्णय घ्यावेत त्याच क्रमाने लिहिलं आहे.

मॉनिटरपासून सुरुवात करा

बहुतेक जण उलट्या बाजूने जातात. आधी कार्ड ठरवतात आणि मग त्यावर काय खेळता येईल ते बघतात. तुमच्या टेबलावर १०८० पिक्सेलचा, ६० किंवा ७५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असेल, तर मोठं कार्ड घेऊन मिळणाऱ्या जादा फ्रेम्स, म्हणजे कार्डाने सेकंदाला काढलेली चित्रं, पडद्यावर दिसतच नाहीत. वीज मात्र त्यांच्यावरही खर्च होते. अशा मॉनिटरला ७० ते १३० वॅटचं कार्ड पुरतं. १०८० पिक्सेल पण १४४ किंवा १६५ हर्ट्झचा असेल, तर ११५ ते १६० वॅटच्या गटात बघा. १४४० पिक्सेलचा असेल, तर १६० ते २२० वॅट. यापुढची कार्डं कपाटात ठेवण्याएवढी वाईट नाहीत, पण दमट हवेतल्या लहान खोलीत ती शांत ठेवणं हे वेगळंच काम आहे आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नंतर तुम्ही खरंच काय खेळता ते बघा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५, क्रिकेट २४ असले खेळ मध्यम कार्डावर आरामात चालतात. सायबरपंकसारखा जड खेळ तुम्ही वर्षातून एकदा पूर्ण करणार असाल, तर त्या एका खेळासाठी रोजचा आवाज वाढवून घेऊ नका. त्याच्या सेटिंग्ज ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणल्या की पडद्यावरचा फरक शोधावा लागतो आणि कार्डाचा भार बराच उतरतो.

वॅटचे आकडे

कार्ड बनवणाऱ्या कंपन्या पूर्ण कार्डाचा वीजवापर जाहीर करतात. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल प्रत्येकाने त्याला वेगळं नाव दिलं आहे, पण वाचणाऱ्याला अर्थ एकच: भर भारात हे कार्ड साधारण एवढे वॅट ओढेल.

सगळ्यात खाली आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप आहे, ७० वॅटचं. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळे या कार्डाला वेगळी पॉवर केबल लागतच नाही. मात्र त्याच नावाचं ८ जीबी रूप १३० वॅटचं आहे आणि वेगवानही आहे. दुकानात नुसतं ‘३०५०’ म्हणालात तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही, म्हणून जीबी बोलूनच मागा. आरटीएक्स ४०६० चा आकडा ११५ वॅट. हे कार्ड २०२३ चं असलं, तरी फ्रेम आणि वॅट यांच्या हिशेबात अजूनही उत्तम आहे. नव्या पिढीतलं आरटीएक्स ५०५० १३० वॅटचं, आरटीएक्स ५०६० १४५ वॅटचं आणि ५०६० टीआय १८० वॅटचं. एएमडीचं आरएक्स ६६०० १३२ वॅटचं, आरएक्स ७६०० १६५ वॅटचं. आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीत १५० आणि १६ जीबीत १६० वॅटचं आहे. इंटेलचं आर्क बी५८० १९० वॅट घेतं. त्यावर आरएक्स ९०७० २२० वॅटला आणि आरटीएक्स ५०७० २५० वॅटला. टोकाला आरटीएक्स ५०९० आहे, तब्बल ५७५ वॅटचं. केवळ तुलनेसाठी सांगतो.

या आकड्यांत खरी गंमत शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. त्याहून वेगवान असलेलं ४०६० ११५ वॅटमध्ये काम करतं. त्याच ताकदीच्या आसपासचं आरएक्स ७६०० घेतलंत, तर पन्नास वॅट जास्त. आणि ज्या जुन्या आरएक्स ५८० वर एक पिढी गेम खेळली, त्याला १८५ वॅट लागायचे. आज तेवढंच काम ७० वॅटचं ३०५० करून दाखवतं. कार्डाचं वय आणि आतली चिप कोणत्या तंत्राने बनली आहे, यावर हा फरक ठरतो. त्यामुळे ‘जुनं पण दणकट’ हा सल्ला आवाजाच्या बाबतीत सहसा चुकतो.

आज कोणी मला एकच नाव विचारलं, तर १०८० पिक्सेलसाठी मी आरटीएक्स ५०६० किंवा ४०६० म्हणेन, ज्याचा भाव त्या दिवशी बरा असेल ते. पाच-सहा वर्षं कार्ड बदलायचं नसेल आणि १४४० पिक्सेलचा मॉनिटर घ्यायचा बेत असेल, तर आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं. १६० वॅटमध्ये एवढी ताकद आणि एवढी मेमरी ही जोडी मला फार आवडते. मेमरीचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. नव्या जड खेळांत ‘अल्ट्रा’ टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची बारीक चित्रं) लावले की ८ जीबी भरून जातात आणि खेळ अडखळू लागतो. १०८० पिक्सेलवर टेक्श्चर एक पायरी खाली आणायची तयारी असेल, तर ८ जीबीत भागतं.

इंटेलच्या आर्कबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पैशाच्या मानाने बी५८० ताकदवान आहे आणि त्यात १२ जीबी मेमरी आहे. पण नुसतं डेस्कटॉप उघडून बसलात तरी ते इतरांपेक्षा जास्त वीज घेतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एएसपीएम ही वीज वाचवणारी सोय चालू करून आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाची) बचत जास्तीत जास्त ठेवून हे बरंच खाली आणता येतं. शिवाय या कार्डाला रिसायझेबल बार नावाची सोय असलेला मदरबोर्ड हवाच. ती नसेल तर कामगिरी खूप पडते. दिवसभर ऑफिसचं काम त्याच पीसीवर होत असेल, तर हे सगळं मोजून मगच इंटेलकडे वळा.

वीजबिल किती, उकाडा किती

हिशेब प्रामाणिकपणे करू. दोन कार्डांत शंभर वॅटचा फरक आहे आणि तुम्ही रोज चार तास खेळता असं धरलं, तर महिन्याला १२ युनिट होतात. प्रतियुनिट १५ रुपये धरले तर १८० रुपये, वर्षाला दोन हजारांच्या थोडे वर. रक्कम फार मोठी नाही, पण कार्ड चार-पाच वर्षं चालतं हे लक्षात घेतलं तर दोन कार्डांच्या किमतीतला फरक यातच निघून जातो.

तुमचा खरा दर मात्र बिलावरूनच काढा. घरगुती ग्राहकांना १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि दर टप्प्यागणिक चढतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत महावितरण आहे, कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरण टोरंट पॉवरकडे आहे, पण दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगच ठरवतो. उन्हाळ्यात एसीमुळे घर आधीच ३०० युनिटच्या वर गेलेलं असतं. म्हणजे तुमच्या गेमिंगचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतं. पावसाळ्यात तेच युनिट स्वस्त पडतं.

एसी लावून खेळत असाल, तर आणखी थोडी भर घाला. कार्डाने खोलीत टाकलेली उष्णता एसीला बाहेर काढावी लागते. साधारणपणे दर तीन-चार वॅट उष्णतेमागे एसी स्वतः एक वॅट खर्च करतो. एसी नसेल तर ती उष्णता तुम्हीच सोसता. आणि पैशापेक्षा हेच मोठं आहे. रात्री जेवण झाल्यावर दोन तास खेळून उठलात की खोलीत शिरणाऱ्या माणसाने ‘काय गरम झालंय इथे’ म्हणावं, ही वेळ कमी वॅटच्या कार्डाने खरोखर टळते.

आता इथल्या हवेशी थेट संबंध असलेली गोष्ट. इंटरनेटवर कार्डांची जी परीक्षणं असतात, त्यातली बरीचशी २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. खोली दहा अंशांनी गरम असेल, तर कार्डही जवळपास तेवढंच जास्त तापतं आणि ते भरून काढायला पंखे वेग वाढवतात. परीक्षणात ‘अगदी शांत’ ठरलेलं कार्ड कोपरखैरणेच्या मे महिन्यात तसं राहीलच असं नाही. म्हणून कूलर घेताना गरजेपेक्षा एक माप मोठा घ्यावा, हा माझा ठाम आग्रह आहे.

एकच चिप, वेगवेगळे कूलर

आरटीएक्स ५०६० चिप एनव्हिडियाची असते, पण कार्ड असूस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, इनो३डी, गॅलॅक्स अशा कंपन्या बनवतात. प्रत्येकीची दोन-चार रूपं असतात. चिप सारखीच, त्यामुळे फ्रेम्समध्ये फरक नगण्य. आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा.

एक पंख्याचं छोटं कार्ड लहान कॅबिनेटसाठी ठीक आहे, पण तोच एक पंखा सगळं काम करत असल्याने जोरात फिरतो. दोन पंखे आणि जाड हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग) हा दीडशे वॅटपर्यंतचा चांगला मध्य आहे. तीन पंख्यांचं मोठं कार्ड याच चिपवर मिळालं आणि किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर जरूर घ्या. मोठा हीटसिंक म्हणजे पंखे हळू फिरूनही भागतं. याउलट, ‘ओसी’ म्हणजे कारखान्यातूनच थोडा वेग वाढवलेल्या रूपासाठी जास्त पैसे देऊ नका. दोन-तीन टक्के फ्रेम्ससाठी वॅट वाढतात आणि आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. काही महाग कार्डांवर ‘क्वायट’ आणि ‘परफॉर्मन्स’ असं छोटं बटण असतं. असलं कार्ड परवडत असेल तर त्या बटणाचा उपयोग खरंच होतो.

परीक्षणातले डेसिबल वाचताना एक काळजी घ्या. कोणी अर्ध्या मीटरवरून मोजतो, कोणी एक मीटरवरून, कोणी उघड्या टेबलावर, कोणी कॅबिनेटमध्ये. त्यामुळे दोन वेगळ्या परीक्षकांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. एकाच परीक्षकाने मोजलेल्या दोन कार्डांची तुलना करा. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, तीन डेसिबलचा नीट लक्ष दिलं तर कळतो.

घरातल्या पीसीत बसेल का

टेप घ्या आणि कॅबिनेट उघडा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये संकेतस्थळावर दिलेली असते. समोरच्या पंख्यांच्या आतल्या बाजूपासून मागच्या पट्टीपर्यंत जागा मोजा आणि किमान दोन-तीन सेंटीमीटर जादा असू द्या. जाडीही बघा, हल्ली अडीच स्लॉटची कार्डं सर्रास असतात.

मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आरटीएक्स ४०६०, ५०५० आणि ५०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा सुचवते, ५०६० टीआयसाठी ६०० चा, ५०७० साठी ६५० चा. यात मोकळी जागा भरपूर धरलेली आहे. १४५ वॅटचं कार्ड आणि साधा सहा कोअरचा प्रोसेसर असा पूर्ण पीसी भर गेममध्ये तीनशे वॅटच्या आतबाहेर राहतो. आकड्यापेक्षा दर्जा महत्त्वाचा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, ८० प्लसचं (कमी वीज वाया घालवण्याचं) मानांकन नसलेला एसएमपीएस नव्या कार्डाखाली ठेवू नका. चांगला एसएमपीएस अर्ध्या भारात असताना सगळ्यात कमी वीज वाया घालवतो आणि त्याचा स्वतःचा पंखाही तेव्हा जवळजवळ ऐकू येत नाही. कार्ड शांत घेतलं आणि आवाज एसएमपीएसचाच राहिला, असं फार घरांत होतं.

ऑफिसमधून निघालेला जुना डेल किंवा एचपीचा डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकायचं असेल, तर गणित वेगळं. त्यातल्या एसएमपीएसमध्ये कार्डासाठी वेगळी केबल बहुधा नसते. तिथे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप किंवा जुन्या जीटीएक्स १६५० चं वेगळी केबल न लागणारं रूप घ्या. कॅबिनेट बारीक असेल तर अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल रूप मागा. आणि मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असेल, तर आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी टाळा. या कार्डांना मदरबोर्डशी बोलायला चारच लेन (वाटा) आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर ती मार खातात.

सेकंडहँड

थोडक्यात सांगतो. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०६० सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतात आणि पहिलं त्यात जास्त किफायतशीर. पण क्रिप्टो मायनिंगमध्ये वर्षभर रात्रंदिवस चाललेल्या कार्डाच्या पंख्यांचे बेअरिंग झिजलेले असतात आणि घरघर तिथूनच येते. समोर चालू करून, दहा मिनिटं गेम लावून, कान जवळ नेऊन ऐका. जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० आता घेऊच नका. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर येणं थांबलं आहे.

खरेदी

ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीत दुकानं आहेत, ऑनलाइनही आहे. पण निवड आणि भाव दोन्ही हवे असतील तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर आणि पुढे तशीच पश्चिम रेल्वे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारच्या आत पोचा. निघण्याआधी तीन-चार दुकानांना फोन करून मॉडेलचं पूर्ण नाव सांगा आणि त्या दिवसाचा भाव लिहून घ्या. भाव आठवड्यागणिक हलतात.

‘दादा, अजून चार हजार टाका, वरचं मॉडेल घेऊन जा,’ असं काउंटरवर हमखास ऐकू येतं. तिथे नव्वद टक्के लोक वॅट विचारत नाहीत, तुम्ही विचारा. वरचं मॉडेल आपल्या मॉनिटरला काय जास्त देणार आणि त्यासाठी किती वॅट घेणार, हे दोन प्रश्न विचारले की निर्णय आपोआप होतो.

पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिनबिलाचं कार्ड घेतलंत तर वॉरंटी अडचणीत येते. बहुतेक कंपन्या तीन वर्षं वॉरंटी देतात. कार्डावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबई परिसरात कुठे आहे हे दुकानातच विचारा. कार्ड कुरिअरने परराज्यात पाठवावं लागलं, तर महिनाभर पीसी अडून राहतो.

लावल्यावर पहिल्या संध्याकाळी

इथून पुढचा भाग फुकट आहे आणि शांततेत सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. तरीही बहुतेक जण इथपर्यंत येत नाहीत.

पहिलं काम: फ्रेम्सना मर्यादा घाला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ नावाची सोय आहे, एएमडीत फ्रेम रेट टार्गेट कंट्रोल आणि रेडिऑन चिल आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर ७५, १४४ चा असेल तर १४१ च्या आसपास. मर्यादा नसेल तर हलक्या खेळात कार्ड उगाच तीनशे-चारशे फ्रेम्स काढत बसतं, पूर्ण वीज खातं आणि पंखे ओरडतात. मर्यादा घातली की त्याच खेळात वीजवापर अर्ध्याच्याही खाली जाऊ शकतो. डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र कमी पिक्सेलमध्ये काढून मोठं करणाऱ्या सोयी) सोबत लावलंत तर जड खेळातही हा फायदा मिळतो, कारण त्याच फ्रेम्ससाठी कार्डाला कमी काम पडतं.

दुसरं: पॉवर लिमिट. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० वर आणा. चिपला शेवटच्या काही टक्के वेगासाठी अवाच्या सव्वा वीज लागते. ती कापली की वॅट पाचव्या हिश्शाने उतरतात, फ्रेम्स मात्र बहुधा पाच-सहा टक्क्यांहून जास्त उतरत नाहीत. यात कार्ड बिघडण्याची भीती नाही, वॉरंटीलाही धक्का लागत नाही. एएमडीच्या ॲड्रेनालिनमध्ये ट्युनिंगखाली हीच पट्टी मिळते. काही कार्डांवर ती ८० पर्यंत जात नाही, तिथे जेवढी जाईल तेवढी.

तिसरं काम थोडं निवांतपणे करायचं: अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. आधी गेम लावून कार्ड नेहमी कोणत्या मेगाहर्ट्झवर चालतं ते लिहून घ्या. मग ९५० मिलिव्होल्टचा बिंदू त्या वेगाच्या थोडा खाली येईल असा उचला आणि त्यापुढची रेषा सपाट करा. तासभर एखादा जड खेळ खेळून बघा. पडदा काळा झाला किंवा खेळ बंद पडला, तर वेग ३० मेगाहर्ट्झने कमी करून पुन्हा. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. हे जमलं तर जवळपास तेवढ्याच फ्रेम्स, कमी वॅटमध्ये.

चौथं: पंख्याची वक्ररेषा. इथे नवशिक्यांचा एक हट्ट सोडवावा लागतो. कार्ड ५५ अंशांवर ठेवायची काही गरज नाही. गेम चालू असताना ६५ ते ७५ अंश कार्डाला अगदी चालतात. तेवढं तापू दिलं की पंखे हळू फिरतात. ७५ अंशांपर्यंत पंखे ४५-५० टक्क्यांच्या वर जाणार नाहीत अशी रेषा बसवा, त्यानंतर चढू द्या.

इथल्या उन्हाळ्यापुरती आणखी एक गोष्ट. हल्लीची कार्डं मोकळी असताना पंखे पूर्ण थांबवतात. थंड खोलीत हे सुंदर चालतं. पण खोलीच ३४ अंशांवर असेल, तर कार्ड नुसत्या ब्राउझरमध्येही पंखे सुरू होण्याच्या उंबरठ्यावर घुटमळतं. मग पंखे मिनिटामिनिटाला सुरू होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात. स्थिर आवाज कान विसरतात, असा चालू-बंद आवाज नाही. मार्च ते जून पंखे सतत ३० टक्क्यांवर फिरू द्या. छताच्या पंख्याखाली ते ऐकूही येत नाहीत. पावसाळा सुरू झाला की मूळ सेटिंगवर या.

दोन मॉनिटर असतील आणि त्यांचे हर्ट्झ वेगळे असतील, तर रिकाम्या वेळीही कार्डाची मेमरी पूर्ण वेगाने चालू राहू शकते. दुसऱ्या मॉनिटरचा हर्ट्झ बदलून बघा, मोकळ्या वेळचे वॅट झटकन खाली येताना दिसतील.

मोजून खात्री करा

आफ्टरबर्नर पडद्याच्या कोपऱ्यात वॅट, तापमान आणि पंख्याचा वेग दाखवतं. फक्त आरएक्स ६००० मालिकेची कार्डं सॉफ्टवेअरमध्ये चिपचेच वॅट सांगतात, पूर्ण कार्डाचे नाही. आरएक्स ६६०० तिथे शंभराच्या आसपास दाखवेल, प्रत्यक्षात १३२ घेत असेल.

पूर्ण पीसीचे वॅट बघायला प्लगमध्ये बसणारा ऊर्जामापक मिळतो. तो नसेल तर घराचं वीजमीटर वापरता येतं. मीटरवर एका युनिटला किती पल्स हे छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२०० असतं. फ्रिजसह बाकी सगळं पाच मिनिटं बंद करा, गेम चालू ठेवा आणि लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा म्हणजे ३०० वॅट. त्यात मॉनिटर आणि राउटरही आले. पॉवर लिमिटच्या आधी आणि नंतर असं दोनदा मोजा, आकडा उतरलेला डोळ्यांना दिसतो आणि घरच्यांनाही दाखवता येतो.

कॅबिनेट, जागा, धूळ

समोर बंद काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण कार्डाला हवा मिळत नाही आणि त्याचे पंखे जास्त जोराने फिरतात. समोर जाळी, आत हवा घेणारे दोन मोठे पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. एवढं पुरे. हे पंखे मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर ठेवले की ऐकू येत नाहीत.

तयार मिळणाऱ्या कॉम्प्युटर टेबलात सीपीयूसाठी जो बंद कप्पा असतो, त्यात पीसी ठेवू नका. गरम हवा तिथेच फिरत राहते. टेबलाखाली, भिंतीपासून अर्धा हात दूर, लादीपासून चार-सहा इंच उंच स्टँडवर ठेवा. लादी पुसताना पाणी लागत नाही आणि धूळही कमी ओढली जाते. टेबलावर कानाच्या पातळीला ठेवलेला पीसी नेहमीच जास्त आवाजाचा वाटतो.

धुळीचं इथे विशेष आहे. घोडबंदर रोडला मेट्रोचं आणि इमारतींचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. खिडकी उघडी असेल तर पंधरा दिवसांत जाळीवर थर बसतो. समोरची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने कार्डाचा हीटसिंक साफ करा, मात्र पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने त्याला भन्नाट फिरू देऊ नका.

शेवटी कॉइल व्हाइन. कार्डातल्या कॉइल्स भाराखाली कंप पावतात आणि बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ असा आवाज येतो. हा पंख्याचा नसतो, त्यामुळे पंखा हळू करून जात नाही. कोणत्या कार्डाला तो असेल हे मॉडेलवरून कळत नाही. एकाच खोक्याच्या दोन कार्डांतही फरक पडतो. फ्रेम्सची मर्यादा आणि अंडरव्होल्टिंगने तो पुष्कळदा दबतो. म्हणून कार्ड घरी आणलं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच, रात्री खिडक्या आणि छताचा पंखा बंद करून, एक तास जड खेळ लावून ऐका. त्रासदायक वाटला तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि खोकं, बिल, आतलं सगळं सामान घेऊन लगेच दुकानात जा. बदलून देण्याची दुकानाची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे ती किती आहे हे खरेदीच्याच दिवशी बिलावर लिहून घ्या.